कायद्याच्या गोष्टी : घोषणा, रूळ आणि दगड

आमच्या अंबरनाथला एमआयडीसीच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला लोकलच्या वेळापत्रकाचे जेवढे ज्ञान असते तेवढे पंचांगाचेही नसते. म्हणून 20 ऑगस्ट 2024 हा दिवस इथे कुणी विसरलेले नाही. त्या दिवशी बदलापूरला लोक सकाळी रुळांवर उतरले ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. कारण सर्वांना ठाऊक आहे. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले होते. संध्याकाळी लाठ्या चालल्या, दगडही आले, आणि मागाहून शेकडो लोकांवर गुन्हे दाखल झाले.

आमच्या शेजारचे आजोबा कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांची नात त्या दिवशी हातात पुठ्ठा धरून स्टेशनात होती. पुढे कित्येक दिवस जिन्यात बूट वाजले की आजोबा दार किलकिले करून पाहत. शेवटी मला म्हणाले, "तुम्ही कायद्याचं लिहिता ना? मग सांगा, पोलिसासमोर नुसतं ओरडलं तर गुन्हा होतो का?"

मी म्हटले, "आजोबा, नुसत्या ओरडण्याने नाही होत."

राज्यघटनेच्या 19 व्या कलमाने भाषणाचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि शांततेने, विनाशस्त्र जमण्याचेही. 1962 साली बिहारच्या सरकारी नोकरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निदर्शन हाही बोलण्याचाच एक प्रकार आहे. जमावाने दगड मारणे मात्र या हक्कात बसत नाही, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा "पोलीस झोपले होते" असे फौजदाराच्या तोंडावर म्हणणे त्याला झोंबेल खरे, पण झोंबणे म्हणजे गुन्हा नव्हे. पोलिसाला कर्तव्यापासून रोखण्याचे जे कलम आहे (आताच्या न्याय संहितेत 132, पूर्वीचे 353) त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. बंगळुरूच्या एका जोडप्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका अधिकाऱ्याबद्दल तक्रार लिहिली, तर त्यांच्यावर हेच कलम लावले. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. शिवीगाळीची, धमकीची गोष्ट निराळी. त्याला वेगळी कलमे आहेत, आणि रागाच्या भरात आपण कुठे पोचलो ते घरी आल्यावर कळते.

"मग पोरीचं काय चुकलं?" आजोबांनी विचारले.

इथे मला जरा थांबावे लागले. कारण तिने काय म्हटले यापेक्षा ती कुठे उभी होती हा प्रश्न अवघड आहे. 1969 साली रेल्वे कामगारांच्या सभांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. बोलण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून ते रेल्वेच्या आवारात, हव्या त्या जागी बजावता येईल असे नाही, असा निकाल लागला. आणि गाडी अडवली तर 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 174 व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी अडते ती पुन्हा कुणाची? एमआयडीसीत रोजावर जाणाऱ्याची, ज्याचा खाडा त्या दिवशी कुणी भरून दिला नाही.

दगडाचे आणखी कठीण आहे. पाच किंवा अधिक माणसांचा जमाव एकदा बेकायदेशीर ठरला, तर एकाने केलेला गुन्हा समान उद्देश असलेल्या सगळ्यांच्या अंगावर येतो. पांगा म्हटल्यावर मुद्दाम थांबणे हा तर वेगळाच गुन्हा. मात्र नुसते बघे म्हणून तिथे असणे पुरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. त्या मुलीने घोषणा दिल्या आणि पोलीस फलाटावर सरसावताच मैत्रिणीबरोबर जिना गाठला. आजोबांना मी म्हटले, दार बंद करून निवांत झोपा.

पुढचा अध्याय आठवड्याभरातच घडला. 24 ऑगस्टला महाराष्ट्र बंदची हाक होती. आदल्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने बंद पुकारण्यास मनाई केली. याच न्यायालयाने 2003 च्या मुंबई बंदबद्दल शिवसेना आणि भाजप यांना 2004 साली प्रत्येकी 20 लाख रुपये भरायला लावले होते. मग पुढाऱ्यांनी बंद मागे घेतला आणि तोंडाला काळ्या फिती लावून निषेध केला. एक गाडी थांबली नाही, आणि म्हणणे सर्वांना ऐकू आले.

पण रुळांवरच्या लोकांना कलमे ऐकवणाऱ्यांनी आणखी एक कलम ऐकवायला हवे होते, असे मला वाटते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर नोंदवून न घेणे हाच पॉक्सो कायद्याच्या 21 व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. हद्द आमची नाही ही सबबही आता चालत नाही. बदलापूरची तक्रार अंबरनाथच्या ठाण्यातही घ्यावीच लागते. घेतली नाही तर ती लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नोंदवलेल्या तक्रारीची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते.

हे मी आजोबांच्या नातीला एका कागदावर लिहून दिले. तिने तो घडी करून पासाच्या पाकिटात ठेवला आणि 8.12 गाठायला धावली.