भीती कोणाची, सत्ता कोणाची?

भीती पसरवून सत्ता कशी मिळवली जाते, या प्रश्नाला प्रस्थापित वर्तुळांत एक ठरावीक उत्तर दिले जाते. जनता अडाणी आहे, ती लवकर भडकते; राजकीय पक्ष केवळ त्या लाटेवर स्वार होतात, असे सांगितले जाते. हे उत्तर सोयीचे आहे. त्यामुळे पुढारी निर्दोष ठरतात, सुशिक्षित मध्यमवर्ग साक्षीदाराच्या भूमिकेत सुरक्षित राहतो आणि सारा दोष झोपडपट्टीच्या माथी मारता येतो. दिल्लीचा १९८४ सालचा अनुभव हे उत्तर साफ खोटे ठरवतो.

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. येथे आणि शेजारच्या सरोजिनी नगर व किडवाई नगर या वसाहतींत देशाच्या सर्व प्रांतांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहत आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. पगार ठरलेला, घर सरकारी, हाती रोजचे वर्तमानपत्र. येथून जवळच असलेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींना गोळ्या लागलेल्या अवस्थेत आणण्यात आले. त्याच सायंकाळी त्या परिसरात शीख प्रवाशांना बसमधून ओढून मारहाण सुरू झाली. राष्ट्रपती झैलसिंग यांच्या मोटारींच्या ताफ्यावर दगड पडले. म्हणजे आगीची पहिली ठिणगी पडली ती यमुनेपलीकडच्या दरिद्री वस्तीत नव्हे, तर राजधानीतील सर्वांत सुरक्षित मानल्या जाणाऱ्या सरकारी वसाहतींच्या दारात.

उत्स्फूर्ततेची दंतकथा

दुसऱ्या दिवसापासून जे घडले त्याला ‘शोकाचा उद्रेक’ असे नाव देण्यात आले. परंतु शोकाकुल माणूस हातात मतदारयादी घेऊन घरे शोधत फिरत नाही. त्याला रॉकेलचे डबे पुरवावे लागत नाहीत. दिल्लीत विशिष्ट घरे आणि विशिष्ट दुकाने निवडून जाळली गेली, पोलीस बघत राहिले किंवा निघून गेले, आणि लष्कर परिणामकारक रीतीने रस्त्यावर येईपर्यंत मोलाचे दिवस वाया गेले. सरकारी आकड्यानुसारच एकट्या दिल्लीत २७३३ माणसे मारली गेली.

या हत्याकांडाला अफवांनी वाट करून दिली. शिखांनी मिठाई वाटली, पंजाबातून हिंदूंच्या प्रेतांनी भरलेली आगगाडी आली, पिण्याच्या पाण्यात विष कालवले गेले, अशा तीन अफवा शहरभर फिरल्या. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनांनी त्याच नोव्हेंबरात संयुक्त चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात या अफवांची आणि काही ठिकाणी पोलिसांच्या गाड्यांतूनच त्या पुकारल्या गेल्याच्या माहितीची नोंद आहे. अफवांचा हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. पहिली अफवा संताप निर्माण करते, दुसरी सूडाला कारण पुरवते, आणि तिसरी मारणाऱ्यालाच बळी ठरवते. विषाच्या भीतीने ज्याने नळाचे पाणी तोडले, त्याला शेजारच्या गल्लीत जळणारा माणूस शत्रू वाटू लागतो. या तिसऱ्या अफवेवर विश्वास ठेवणारे सगळे अडाणी नव्हते.

जे आधी उखडले गेले होते

सर्वांत भीषण कत्तल त्रिलोकपुरी, मंगोलपुरी आणि सुलतानपुरी येथे झाली. या पुनर्वसन वसाहती होत्या. आणीबाणीच्या काळात दिल्लीच्या मध्यभागातील झोपड्या पाडून तेथील श्रमिकांना शहराच्या कडेला अशाच वसाहतींत नेऊन टाकण्यात आले होते. काम दूर गेले, पाण्याची सोय अपुरी, जमिनीच्या तुकड्यावरचा हक्क अनिश्चित. अशा माणसाच्या मनात भीती असतेच. परंतु ती खरी भीती असते. उद्या पुन्हा बुलडोझर आला तर काय, ही ती भीती. तिला खरे उत्तर द्यायचे तर घर, पाणी आणि रोजगार द्यावा लागतो. सत्ताधाऱ्यांना ते द्यायचे नसते. मग त्या खऱ्या भीतीला खोटा पत्ता दिला जातो आणि बोट शेजाऱ्याकडे वळवले जाते. त्रिलोकपुरीच्या ३२ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये मारले गेलेले लबाना शीख तरी कोण होते? खाटा विणणारे, हातगाडी आणि रिक्षा ओढणारे. गरिबाच्या हातून गरीब मारला गेला आणि पाडापाडीचा हुकूम देणाऱ्यांना कोणीही जाब विचारला नाही.

जाहिरातीतील टॅक्सीवाला

कत्तलीनंतर दोन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९८४ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. रस्त्यावरची भीती आता वर्तमानपत्रांच्या पानापानांवरील जाहिरातींत आली. देशाची सीमा अखेर तुमच्या दारापर्यंत येऊन ठेपणार काय, अशा आशयाचा प्रश्न काँग्रेसच्या एका जाहिरातीने विचारला. दुसऱ्या प्रांताचा माणूस चालवीत असलेल्या टॅक्सीत बसताना अस्वस्थ का वाटावे, असे दुसऱ्या जाहिरातीने विचारले. शिखांचे नाव कोठेही घेतलेले नव्हते. पण दिल्लीच्या टॅक्सी स्थानकांवर कोण होते आणि नुकतीच कोणाची टॅक्सी जळाली होती, हे वाचकाला ठाऊक होते. ज्याला जाळले गेले त्याचीच भीती बाळगायला मतदाराला शिकवण्यात आले.

ही जाहिरात टॅक्सी परवडणाऱ्यांसाठी आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्यांसाठी होती. ज्यांनी हाती काठी धरली नाही, त्यांच्याकडून एक मूक संमती हवी होती आणि ती मिळाली. ५१४ पैकी ४०४ जागा काँग्रेसला मिळाल्या. दिल्लीतील सातही जागा त्यात होत्या. या यशाला इतर कारणेही होती, सहानुभूती हे त्यांतील एक. पण सहानुभूतीला भीतीची जोड देण्याचे काम हिशेबाने झाले, हे नाकारता येणार नाही. न्यायाची वाट मात्र लांबतच गेली. मिश्रा आयोग १९८५ मध्ये नेमला गेला, नानावटी आयोग २००० मध्ये. आणि काँग्रेसचे माजी खासदार सज्जनकुमार यांना दिल्ली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती डिसेंबर २०१८ मध्ये, तब्बल ३४ वर्षांनी.

मुंबईचा जुना धडा

हे तंत्र एका पक्षाची मक्तेदारी नाही. महाराष्ट्राला त्याची ओळख आधीच झाली होती. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. सुशिक्षित मराठी तरुणाची बेकारी ही वस्तुस्थिती होती. परंतु नोकऱ्या का निर्माण होत नाहीत, हा प्रश्न भांडवलदाराला विचारण्याऐवजी ‘मार्मिक’मधून परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या गेल्या आणि दाक्षिणात्य कारकून शत्रू ठरवला गेला. लवकरच मोर्चा लाल बावट्याकडे वळला. १९६७ च्या अखेरीस परळच्या दळवी बिल्डिंगमधील कचेरीवर हल्ला झाला. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या; त्यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. गिरणगावातील कामगाराला परका शेजारी दाखवण्यात आला आणि त्याचा स्वतःचा प्रतिनिधी मारला गेला.

पुढे १९८२ चा गिरणी संप चिरडला गेला, हजारो घरांतील चुली थंडावल्या. त्या बेकारीलाही पत्ता देण्यात आला. आता नाव मुसलमानाचे होते. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींत ९०० माणसे मेली, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती मंत्रालयात पोहोचली. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. त्यांत गिरणी कामगाराचे घर क्वचितच होते. ज्याच्या भीतीवर सत्ता उभी राहिली, त्याच्या वाट्याला सत्तेतून काय आले, या प्रश्नाचे उत्तर लालबाग-परळच्या आकाशरेषेवर लिहिलेले आहे.

प्रतिकार कोठून येतो

भीती अजिंक्य आहे, असा निष्कर्ष मात्र यातून काढणे चुकीचे ठरेल. १९८४ मध्येच दिल्लीतील अनेक वस्त्यांत हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांनी शिखांना घरात लपवले आणि रात्रभर गल्लीच्या तोंडाशी पहारे दिले. फेब्रुवारी २०२० मध्ये शाहीनबागेत धरणे धरून बसलेल्या स्त्रियांचा बागुलबुवा उभा करून दिल्ली विधानसभेसाठी मते मागण्यात आली. मतदारांनी भाजपला ७० पैकी ८ जागा दिल्या. वीज, पाणी व शाळा हे प्रश्न ज्यांना रोज भेडसावतात, त्यांनी ते बागुलबुव्यापेक्षा मोठे मानले. पण त्याच महिन्यात ईशान्य दिल्लीत ५३ माणसे मारली गेली, हेही विसरता येत नाही. मतपेटीत हरलेली भीती रस्त्यावर जिंकू पाहते.

म्हणून सद्भावनेचे उपदेश पुरेसे नाहीत आणि निवडणुकीपुरती एकजूटही पुरेशी नाही. अफवा वस्तीत शिरते तेव्हा तिला अडवू शकेल असा माणूस त्या वस्तीत आधीपासून ओळखीचा असावा लागतो: नळाच्या रांगेतला, युनियनच्या सभेतला, रेशनच्या तक्रारीत बरोबर आलेला. तो बाहेरून त्या रात्री आणता येत नाही. चाळीत, झोपडपट्टीत, आणि सरकारी वसाहतीतही, ही ओळख वर्षानुवर्षांच्या कामातून तयार होते. सरकारी वसाहतीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. काठी उचलणाऱ्या हातांची चर्चा पुष्कळ झाली. अफवेवर मान डोलावणाऱ्या आणि जाहिरात वाचून मत देणाऱ्या सुशिक्षितांची चर्चा अजून व्हायची आहे. ती सुरू करणे, कर्मचाऱ्यांच्या संघटनांत आणि शिक्षकांच्या सभांत हा प्रश्न थेट मांडणे, हे पुढचे काम आहे.