शेवटच्या नळाची साक्ष

सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही गृहस्थास भर उन्हाळ्यात विचारावे, "उजनी आज किती?" तो दशांशचिन्हासह उत्तर देईल. 'उणे' हा शब्द येथल्या मुलांना गणिताच्या पुस्तकाआधी उजनीनेच शिकविला आहे. या धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी ६३ टीएमसीच्या आसपास पाणी मृतसाठ्यात मोजले जाते. पातळी त्याखाली गेली की टक्केवारी उणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठाच्या घरात पोहोचली होती. आता त्याच गृहस्थास दुसरा प्रश्न विचारावा. त्याच्या वस्तीतील शेवटच्या नळाला काल किती मिनिटे पाणी आले? याचे उत्तर त्याच्या घरातील स्त्रीस ठाऊक असते. पण ते कोणत्याही दप्तरात नोंदलेले सहसा आढळत नाही. आणि जे दप्तरात नाही, ते सरकारदरबारी घडलेलेच नसते.

वाचक बंधुभगिनींनो, पाणी मोजणाऱ्या नव्या यंत्रांविषयी आपण विचार करावा तो याच जागी उभे राहून.

ही यंत्रे आता नवलाची राहिलेली नाहीत. नदीच्या पुलावर टांगलेले रडार पाण्याच्या पृष्ठभागावर लहरी सोडते व त्या परत येण्यास लागलेल्या वेळावरून पातळी सांगते. विंधन विहिरीत सोडलेले यंत्र वर किती पाणी आहे ते दाबावरून ओळखते. सौर पत्र्यावर चालणारे हे पहारेकरी आपला आकडा मोबाईलच्या जाळ्यातून अथवा उपग्रहाद्वारे परस्पर कचेरीत धाडतात. कृष्णा व भीमा खोऱ्यांत अशी स्वयंचलित केंद्रे जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात उभी राहिली. २०१६ पासून राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाने हेच काम देशभर पसरविले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा माणूस निरीक्षण विहिरीत फीत सोडून वर्षातून चार वेळा पातळी घेई. आता यंत्र तेच काम दिवसातून अनेकदा करते. अटल भूजल योजनेसाठी महाराष्ट्रातील जे तेरा जिल्हे निवडले गेले, त्यांत सोलापूर आहे.

मी या यंत्रांचे स्वागत करतो. नोंद करणारा माणूस कोणाच्या ओसरीवर बसतो, हे ज्यांनी खेड्यात पाहिले आहे त्यांना माझे कारण सांगावयास नको. यंत्र कोणाची जात विचारीत नाही. परंतु यंत्र कोठे बसवावयाचे, हे माणूस ठरवितो. आणि सारी मेख तेथेच आहे.

पाण्याच्या टाकीवर मापक बसविला तर टाकीतून किती पाणी सुटले ते कळते. ते कोणाला पोहोचले, हे कळत नाही. जलवाहिनीच्या आरंभीची घरे मोटारी लावून पाणी ओढतात, पुढे दाब घटतो आणि टोकाला नळ नुसता फुसफुसतो. तेवढ्यावरच भागले असते तरी बरे. पाणी सतत वाहत नसेल आणि नळीतला दाब पार उतरला, तर फुटक्या सांध्यांतून बाहेरचे गटाराचे पाणी आत शोषले जाते. ज्या शहरात गेली कित्येक वर्षे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी आले, तेथे हा धोका काल्पनिक मानता येत नाही. म्हणजे जो नळ तहानलेला, तोच दूषितही. आणि हे टोक कोणाच्या दारात असते? गावाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या कोठे वसविले होते ते आठवा. गावकुसाबाहेरची वस्ती हीच बहुतेक ठिकाणी आजही जलवाहिनीची शेवट आहे.

म्हणून माझी मागणी एकच आहे. जाळे वाढवावयाचे तर पहिला दाबमापक व पहिला क्लोरीनमापक टोकाच्या नळावर बसवा. नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन असावे, असे भारतीय मानक आहे. ते टाकीपाशी भरले म्हणून वस्तीत भरेलच असे नाही. जलजीवन मिशनने २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरचे अभिवचन दिले आहे. ते पाळले गेले की नाही, याची साक्ष टाकी देऊ शकत नाही.

साक्षीचा मुद्दा मी वकील म्हणून मांडीत आहे. महाडचे चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता. कागदावर हक्क होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्यानंतर दावा लागला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल आला तो १७ मार्च १९३७ रोजी. अनादि वहिवाटीचे पालुपद गाणाऱ्या वादींना ती वहिवाट पुराव्याने शाबीत करता आली नाही, म्हणून ते हरले. आज 'शिवू नका' असे म्हणणे संविधानाच्या १५ व १७ या अनुच्छेदांनी गुन्ह्याच्या कक्षेत ढकलले आहे. त्याची जागा आता 'दाब कमी आहे', 'मोटार जळाली' या सभ्य वाक्यांनी घेतली आहे. त्या वाक्यांपुढे आपल्या माणसाचे प्रतिज्ञापत्र दुबळे पडते. नव्वद दिवसांची सलग यंत्रनोंद पडत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली अशी नोंद योग्य प्रमाणपत्रासह पुराव्यात दाखल होते.

मात्र यंत्राचे तोंड कोणाकडे आहे, हेही पाहावे. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोच्या फिरी वस्तीत नगरपालिकेने आगाऊ पैसे भरण्याचे मीटर बसविले. कुटुंबाला महिन्यास सहा हजार लिटर फुकट. ते संपले आणि पैसे नसले की नळ आपोआप बंद. रहिवासी न्यायालयात गेले, उच्च न्यायालयात जिंकले. पण ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने ते मीटर कायदेशीर ठरविले. तेथे यंत्र गरिबावर पहारा करीत होते. आपणांस हवे ते पुरवठा करणाऱ्यावर पहारा करणारे. 'हुशार मीटर' म्हणून कोणी दारात आले, तर ते मोजते की तोडते, हे सही करण्यापूर्वी विचारा.

आणखी एक. पाण्यातील जंतू ओळखील असे स्वस्त, नित्य चालणारे यंत्र अजून वस्तीत आलेले नाही. क्लोरीनमापकही वेळोवेळी पुसून, पडताळून घ्यावा लागतो, नाहीतर तो खोटे बोलू लागतो. यासाठी जलजीवन मिशनने प्रत्येक गावी पाच स्त्रियांना तपासणी पेटी वापरण्यास शिकवावे असे ठरविले आहे. त्या पाचांत आपल्या वस्तीची कोणी आहे काय? गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा असाव्यात, असे त्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. आपली नावे केवळ यादीत आहेत की बैठकीची सूचनाही घरी येते?

पुढच्या ग्रामसभेत हे विचारावे. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करावा: गावात कोणती यंत्रे आहेत, कोणत्या जागी, शेवटची पडताळणी कोणत्या तारखेस झाली आणि गेल्या तीन महिन्यांचे आकडे काय. बरोबर वस्तीतल्या एखाद्या शिकत्या मुलीकडून शेवटच्या नळाची वेळ रोज वहीत लिहवून ठेवावी, तारखेसह आणि खाडाखोड न करता. यंत्र येईपर्यंत तीच वही कामास येईल, आणि यंत्र आल्यावर त्याचा आकडा ताडून पाहण्यासही.