जोडी कोणाच्या नावाची?

यवतमाळ जिल्ह्यात इतकी वर्षं बायकांसोबत काम करतेय, पण शंकरपटाकडे कधी फिरकले नव्हते. बैलांच्या शर्यती म्हणजे पुरुषांचा नाद, त्यात आपलं काय, असं वाटायचं. मागच्या हिवाळ्यात गटातल्या एका मैत्रिणीने आग्रह केला म्हणून गेले.

भोंग्यावरून एका घराण्याची जोडी पुकारली गेली. आज्याने पट गाजवला, बापाने गाजवला, आता नातू धुरकरी! टाळ्या, शिट्ट्या, आणि काही सेकंदांत जोडी रेषेपार. तीन पिढ्यांचा इतिहास सांगून झाला. त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले. सून कोठ्यात शेण काढत होती. पहाटे उठून सरकी-ढेप भिजवणं, कुटार टाकणं, दोन वेळचं पाणी, आजारपणात रात्र जागणं, हे सगळं तिच्याकडे. त्याआधी सासूकडे होतं. जोडीतला एक बैल तर वासरू असल्यापासून हिच्याच हातचा. परक्याला जवळ न येऊ देणारा तो बैल तिच्या आवाजाने कान टवकारत होता.

"पट पाह्यला जाता का?" मी विचारलं.

"नाई बाप्पा. त्या दिवशी पाव्हन्याईचा सैपाक राह्यते."

"आणि जोडी कोणाच्या नावानं?"

"त्याईच्या. माहं नाव कोन घेते, ताई?"

बोलता बोलता कळलं, दुसरा बैल विकत घेताना तिची पोत गहाण पडली. बैल दारात आला तेव्हा तिला व्यवहार समजला. जिंकलेल्या बक्षिसाचं काय झालं, ते तिला अजून माहीत नाही.

पटावर देशात बराच वाद झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. एका बाजूने प्राण्यांवरची क्रूरता, दुसऱ्या बाजूने परंपरा, असे युक्तिवाद झाले. जनावराच्या वेदनेचा प्रश्न खराच आहे, तो मी हलका करत नाही. पण परंपरा म्हणजे नेमकं कोणाचं काम, हे या सगळ्या वादात कोणी विचारलं? बंदीच्या सात वर्षांत पटाचं मैदान ओस पडलं, कोठ्यातलं काम एक दिवसही थांबलं नाही. जोडी पळो न पळो, तिला रोज खायला लागतंच.

कोणी म्हणेल, आता बायकाही धुरेवर बसतात. खरं आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या जुन्या पटात बायकांच्या स्वतंत्र शर्यती झाल्या. कासरा हातात घेतलेली बाई पाहून माझीही छाती भरून येते. पण वर्षातून एक दिवस टाळ्या मिळाल्या म्हणून उरलेल्या दिवसांचा निर्णय तिच्या हाती येत नाही. जोडी घ्यायची की विकायची, कर्ज काढायचं की नाही, हे ठरवताना ती कुठे असते?

"घरचंच तर आहे, नाव कशाला पाहिजे?" हा प्रश्न बायकाही विचारतात. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यात त्याचं उत्तर आपण घरोघरी पाहिलं आहे. नवरा गेला की सातबारा, बँक, सावकार सगळीकडे नावच विचारतात. तेव्हा जिने जोडी वाढवली तिला ऐकावं लागतं, बैल दिराचे. आणि लेकीचं काय? वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ साली, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता, दिला. केंद्राचा कायदा २००५ साली आला. तरीही वासरामागे धावणारी पोर सासरी जाते, आणि घराण्याचा वारस म्हणून भोंग्यावर तिच्या भावाचं नाव येतं.

शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी, असा कार्यक्रम घेतला गेला. जमिनीबाबत जे बोलता आलं, ते जनावराबाबत का बोलू नये?

मैत्रिणींनो, पट बंद करा किंवा पटाला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. आपल्या गावात पट भरणार असेल तर आयोजकांकडे गटाने जावं. नोंदवहीत जोडीचे मालक म्हणून नवरा-बायको दोघांची नावं लिहा, भोंग्यावर दोन्ही पुकारा, बक्षीस दोघांच्या हातात द्या, अशी मागणी करावी. आणि घरात सांगावं, बैलाचा सौदा बाईला विचारल्याशिवाय होणार नाही.

निघताना ती सून मला म्हणाली, "ताई, पुढच्या पटाले या. सैपाक आदल्या दिवशी करून ठेवतो." मी जाणार आहे. भोंग्यावरून काय पुकारतात, ते दोघी मिळून ऐकू.