ओसरीवरून : तीन बशा चॉकलेट

वैशाखांतील एका दुपारीं आमच्या वसईच्या घरीं चॉकलेटवरून वाद उपस्थित झाला. आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरांतील लहानथोर आक्का म्हणतात, यांचे दांत गेले आहेत आणि गेल्या वर्षींच्या दुखण्यापासून अन्नावरची वासनाही उडाली आहे. वरणभात दोन घांसांपलीकडे जात नाहीं. सुकेळीं वसईकरांच्या जिव्हाळ्याचीं खरीं, पण तीं चावावीं कशानें? मात्र नातवंडांच्या हातचा चॉकलेटचा तुकडा त्या आपण होऊन मागतात, हें सूनबाईंनीं हेरलें. साखरेचा विकार नाहीं, डॉक्टरांची हरकत नाहीं. तेव्हां प्रश्न उरला तो एवढाच, कीं आणावें कोणतें?

आमच्या पिढीस हा प्रश्न पडलाच नसता. आम्हांस सर्व चॉकलेट म्हणजे कॅडबरी. ती कंपनी हिंदुस्थानांत १९४८ सालीं आली, आणि ठाण्यांत तर तिच्या कारखान्यावरून नाक्यासही तेंच नांव पडलें. आतां मोठ्या दुकानांत फळीभर प्रकार मांडलेले असतात. सूनबाईंनीं दुधाच्या चॉकलेटच्या तीन वड्या आणल्या, वेष्टनें काढून तीन बशांत ठेविल्या आणि नांवें गुप्त राखलीं. येथेंही तीं देत नाहीं. हें सदर जाहिरातीचें नव्हे.

पहिली वडी जिभेवर ठेवतांच विरघळली व मागें आटलेल्या दुधाची किंचित् खरपूस चव राहिली. दुसरी ताज्या दुधासारखी सौम्य, अतिशय मऊ, परंतु गोडी फार. तिसरी उकाड्यांतही ताठ होती. बोटांस डाग म्हणून नाहीं. पण तोंडांत ती विरघळेना, आणि गिळल्यावर टाळूस मेणचट थर राहिला. डालड्यांत तळलेल्या गार शंकरपाळ्यांनीं राहतो, तोच! वेष्टन पाहिलें, तों घटकांत डालड्याचेंच भावंड निघालें.

याचें मर्म असें. कोकोच्या बियांतील स्नेह सुमारें ३४ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि तोंडाची उष्णता ३७ च्या आसपास. म्हणून तो बशींत घट्ट व जिभेवर द्रव. हाच गुण आमच्या उन्हाळ्यांत दोष ठरतो. शाळेंतून घरीं येईपर्यंत दप्तरांत लगदा होतो. डालड्याच्या जातीचा स्नेह वितळण्यास अधिक उष्णता मागतो, म्हणून टिकतो आणि टाळूस चिकटतोही. खऱ्या चॉकलेटांत असा परका स्नेह कायद्यानें शेंकडा ५ पर्यंतच चालतो.

मऊपणाचें कारण निराळें. साखर व कोको इतके बारीक दळावे लागतात, कीं जिभेस कणी लागूं नये. शिवाय तें मिश्रण तासन्‌तास घोटावें लागतें. ही घोटणी स्वित्झर्लंडांत रोडॉल्फ लिंड्ट यांनीं १८७९ सालीं काढली. त्याच देशांत डॅनियल पीटर यांनीं १८७५ त चॉकलेटांत दूध मिसळलें होतें. स्विस पद्धतींत बहुधा दुधाची पूड घालतात, तर इंग्रजी पद्धतींत दूध, साखर व कोको एकत्र आटवून वाळवितात. खरपूस चव येते ती त्या आटण्यानें. श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रांतून काढणाऱ्या गृहिणींस घोटण्याचें महत्त्व मीं सांगावयास नको.

आक्कांनीं तिन्ही चाखल्या. पहिलीचा तुकडा बराच वेळ तोंडांत धरून त्या म्हणाल्या, "आईच्या बासुंदीची कड आठवली रे." आईला जाऊन चाळीस वर्षें झालीं. कित्येक महिन्यांत आक्कांच्या तोंडून कोणत्याही पदार्थाचें नांव निघालें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं बासुंदी करावयास सांगितली, व अर्धी वाटी घेतली.

तेव्हांपासून पहिल्या जातीची एक वडी घट्ट झांकणाच्या डब्यांत फ्रिजमध्यें असते, आणि चहाच्या आधीं पाव तास बाहेर काढून ठेवितात. तिसरीचा उरलेला भाग धाकट्या नातवानें पटकावला. "आजोबा, हिनें हात बरबटत नाहींत," हें त्याचें मत अद्याप कायम आहे.