पुढच्या सीझनचा माल आधीच विकावा का?

ॲडव्हान्स बुकिंगच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न सारखा येतोय: "सर, माल हातात नसताना पैसे मागितले तर गिऱ्हाइकाला वाटेल ना, की आपली वाट लागलीय?" माझं मत स्पष्ट आहे, मागा. पण मागायची एक रीत असते. त्यासाठी आज आपण थेट अमेरिकेत, सिएटलला जाऊ.

तिथे फँटाग्राफिक्स नावाची प्रकाशन संस्था आहे, 1976 पासूनची. कॉमिक्स, ग्राफिक नॉव्हेल्स आणि चित्रकारांच्या कामाची देखणी पुस्तकं ही त्यांची ओळख. हा धंदा सीझनवर चालतो. पुढच्या काही महिन्यांत काय येणार याचा कॅटलॉग आधीच दुकानदारांकडे जातो, ऑर्डरी येतात. छपाईचं बिल आधी भरायचं, दुकानांकडून पैसे नंतर सुटतात, वर न खपलेल्या प्रती परत येतात! कपड्याच्या दुकानदाराला हे समजावून सांगायला नको. दिवाळीचा माल ऑगस्टमध्ये भरायचा आणि पैसे बघायचे नोव्हेंबरमध्ये.

जून 2013 मध्ये संस्थेचे भागीदार आणि संपादक किम थॉम्प्सन कॅन्सरने गेले. युरोपातली कॉमिक्स इंग्रजीत आणायचं काम त्यांच्याकडे होतं, अनुवादसुद्धा ते स्वतः करायचे. ते गेल्यावर त्यांच्या हातातली पुस्तकं अडकली, म्हणजे त्यांची विक्रीही अडकली आणि पुढच्या सीझनला पैसा कमी पडायला लागला. (धंद्याचा एक अख्खा विभाग एकाच माणसाच्या डोक्यात असणं, यावर वेगळा व्हिडिओ करू.)

मग नोव्हेंबरमध्ये त्यांनी किकस्टार्टरवर 2014 च्या सीझनची अख्खी यादीच मांडली. 39 पुस्तकं. मागितले दीड लाख डॉलर, जमले 2 लाख 20 हजारांच्या वर.

आता गंमत बघा. दीड लाखाला 39 ने भागा. एका पुस्तकामागे साधारण 3,850 डॉलर येतात. म्हणजे मागणं अवाढव्य नव्हतं. आणि अडचण काय आहे हे त्यांनी लपवलं नाही, पण लोकांसमोर ठेवली ती पुस्तकं. किती पैसे दिले की काय मिळेल, हेही लिहिलेलं. "आम्हाला वाचवा" एवढंच म्हटलं असतं, तर मला नाही वाटत एवढी रक्कम जमली असती.

पण थांबा, लगेच कॉपी करू नका. या माणसांनी 2004 पासून चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स'ची (स्नूपीवालं कॉमिक) संपूर्ण मालिका काढायला घेतली होती, वर्षाला दोन खंड. 2013 पर्यंत वाचकांनी नऊ वर्षं बघितलं होतं की ही मंडळी सांगितलेलं पुस्तक आणतात. तुमचं दुकान मागच्या महिन्यात उघडलं असेल, तर तुमच्याकडे ही पुंजी नाही. मग अख्खा सीझन मांडू नका. ओळखीच्या दहा गिऱ्हाइकांना एकच वस्तू सांगा, ठरल्या तारखेला द्या, मग पुढचं. आपल्याकडे मराठी प्रकाशक 'प्रकाशनपूर्व सवलत' म्हणून हेच करत आलेत, यात लाजण्यासारखं काही नाही.

मला खरी भीती वाटते ती पैसे आल्यानंतरची. ॲडव्हान्स यूपीआयने त्याच खात्यात येतो, बॅलन्स फुगलेला दिसतो आणि त्यातून दुकानाचं भाडं जातं. अहो, ते पैसे अजून तुमचे नाहीत! माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत ते देणंच आहे. किकस्टार्टर स्वतः 5 टक्के घेतं, दीड लाखावर ते झाले 7,500 डॉलर. पेमेंटचा खर्च वेगळा, पॅकिंग-टपाल वेगळं. तुमचंही कुरिअर, बॉक्स, तुटफूट हे सगळं किंमत ठरवतानाच धरा. नंतर आठवलं तर खिशातून जाणार.

मी माझ्या दुकानात ॲडव्हान्सचं खातं वेगळंच ठेवतो. पावतीवर तीन गोष्टी लिहून देतो: वस्तू नेमकी कोणती, कधी मिळणार आणि तारीख चुकली तर पैसे किती दिवसांत परत. तिसरी ओळ लिहिताना हात अडखळला, तर ते बुकिंग अजून उघडू नका.