चांदी उजळू नका!

तर झालं असं. दिवाळीला घुग्घुसला घरी गेलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आजीने नेहमीप्रमाणे कपाटातून पुरचुंडी काढली. आत ११ कलदार रुपये. समोर परात, परातीत चिंचेचं पाणी, शेजारी वाटीत रांगोळी. मी जवळजवळ ओरडलोच, "आजी, थांब!"

आजी म्हणाली, "काऊन रे? लक्ष्मी का काळीच पुजाची?"

प्रश्न बिनतोड आहे. पण आज मला भांडायचंच आहे. आजीशी नाही, तर हे काळं-पांढरं गणित डोक्यात घेऊन बसलेल्या आपल्या सगळ्यांशी. आणि त्यात नववीतला मीसुद्धा आलो. त्या वर्षी आजीचं काम हलकं करायचं म्हणून मी १८६२ चा राणीछाप रुपया टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन अर्धा तास घासला होता. घरातले सगळे खूश. "पोरानं कसा नव्यासारखा केला!" आज तो रुपया भिंगाखाली धरला की पोटात कालवतं. राणीच्या चेहऱ्यासमोरच्या सपाट जागेवर केसासारखे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने, माझ्या हाताच्या दिशेने. बॅकअप न घेता प्रॉडक्शनवर स्क्रिप्ट चालवली की काय होतं ते आम्ही आयटीवाले चांगलं जाणतो. इथे तर रोलबॅकही नाही.

आधी थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका. चांदी काळी पडते ती मळाने नाही. हवेतल्या गंधकाशी तिचा संयोग होतो आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. आमच्या गावात याला तोटा नाही. कोळशाच्या खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न, आणि लहानपणी तर आमच्या गल्लीत घराघरात कोळशाची शेगडी होती. आबाजींनी त्या पुरचुंडीला रबरबँड लावला होता. रबरातही गंधक असतो, म्हणून एका रुपयावर अजून काळा पट्टा आहे. पण मुद्दा असा की तो काळा थर नाण्याच्याच चांदीतून तयार झालेला असतो. तो घासून काढला म्हणजे घाण गेली असं नाही, नाण्याची कातडी गेली. आणि रांगोळी म्हणजे दगडाची पूड. दरवर्षी, दिवाळीच्या मुहूर्तावर, भक्तिभावाने!

आता नाण्याची अवस्था ठरवायची कशी? चकाकी बघून नक्कीच नाही. नाणं कडेने धरा, बोटं मधे लावू नका, आणि एका दिव्याखाली हळूहळू तिरपं करा. टाकसाळीतून आलेलं, न वापरलेलं नाणं असेल तर प्रकाशाची पट्टी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या दिशेला सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे हे होतं. पॉलिश केलेलं नाणं मात्र सगळीकडून सारखंच चमकतं, स्टीलच्या ताटासारखं. हा एक फरक डोळ्यांत बसला की अर्धी लढाई जिंकलीत.

मग उंचवटे बघा. झीज सगळ्यात आधी उंच भागावर होते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर केस, मुकुट आणि पोशाखावरची नक्षी. पंचम जॉर्जच्या रुपयावर कान, मुकुटातली रत्नं, मिशी आणि झग्यावरचा हत्ती. हा हत्ती म्हणजे एक गंमतच आहे. १९११ च्या रुपयावर तो इतका बेढब निघाला की लोकांना डुक्कर वाटला. बोंबाबोंब झाली, सरकारने बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आला. त्या हत्तीची सोंड, कान आणि पाठीवरची झूल स्पष्ट दिसत असेल तर नाणं फार फिरलेलं नाही. नुसता एक फुगवटा उरला असेल तर बिचाऱ्याने बरेच बाजार पाहिलेत. एक पथ्य पाळा: ठसा मुळातच कच्चा पडला असेल तरी तपशील दिसत नाही. पण तिथे मूळची चकाकी टिकलेली असते, झिजलेल्या जागी ती नसते.

ग्रेडची नावं तुम्ही ऐकली असतील. फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड. १ ते ७० आकड्यांची पट्टी आहे, ती विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिकडच्या तांब्याच्या जुन्या सेंटसाठी काढली. आज जगभरची चांदीची नाणी त्यावर मोजतात. इंजिनियर माणसाला आकडा दिला की तो शांत होतो, मीही झालो होतो. पण घासलेल्या नाण्याला चांगल्या ग्रेडिंग कंपन्या आकडाच देत नाहीत, नुसतं 'साफ केलेलं' असा शेरा मारतात. माझ्या १८६२ ला आकडा कधीच मिळणार नाही. आपल्याकडचे काही विक्रेते मात्र बफ मारलेला, गुळगुळीत रुपया 'यूएनसी' म्हणून खुशाल विकतात. घेणारा बघतो चकाकी आणि पैसे मोजतो. ही फसवणूक चालते कारण आपणच चकाकीला चांगुलपणा समजतो.

दुसरं खूळ, जुनं म्हणजे महाग. आमच्या मामाजींनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, 'हा रुपया असेल तर तुम्ही लखपती'. त्यांच्याकडे १९१८ चा होता. फोन केला. समोरच्याने आधी नोंदणी, मग कमिशन, मग टॅक्स असं करत साडेतीन हजार काढले आणि नंबर बंद. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट इशारा दिला होता की आम्ही जुन्या नाण्यांच्या व्यवहारात नाही आणि कुठलंही कमिशन मागत नाही. मामाजींपर्यंत व्हिडिओ पोचला, इशारा नाही पोचला. आणि १९१८ चा रुपया? पहिल्या महायुद्धात रुपयांची इतकी टंचाई झाली की अमेरिकेने त्या वर्षी पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटिशांना हिंदुस्थानासाठी विकली. त्या एका वर्षात मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींनी मिळून ४० कोटींच्या आसपास रुपये पाडले. शंभर वर्षं जुना आहे, कबूल. पण दुर्मिळ? छे!

तरी तो फेकून द्यायचा नाही हं. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात ९१.६७ टक्के चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पार गेली. नुसता लाखाचा भाव धरला तरी आतल्या चांदीचेच हजाराच्या वर होतात. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. आमच्या पुरचुंडीत तसे दोन आहेत, कडेच्या दात्यांच्या मधोमध खोबण दिसते त्यावरून ओळखायचे. सराफाकडे सगळे एकाच तराजूत टाकाल तर तोटा तुमचा किंवा त्याचा, आणि त्याचा कशाला होईल?

खरं-खोटं तपासायला घरी एक प्रयोग करा. छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. मग नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळवा, तळाला टेकू देऊ नका. पूर्ण वजनाच्या अस्सल रुपयाला काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल. पितळेला वरून मुलामा दिलेला त्याच वजनाचा तुकडा १.३५ च्या पुढे जाईल. नाण्याला ओरखडाही पडत नाही. आजीची पद्धत आणखी सोपी, फरशीवर टाकून आवाज ऐकायची. कान तिचे पक्के आहेत, पण टाकू नका, कड ठेचते.

आता तुम्ही म्हणाल, विकायची नाहीत ना, मग ग्रेड घेऊन करायचंय काय? मान्य, आम्हालाही विकायची नाहीत. पणजोबांनी वणीच्या बाजारात कापूस विकून हे रुपये आणले, असं आजी सांगते. एवढंच सांगते, कारण तिलाही एवढंच माहीत आहे. त्यांचा फोटो नाही, सही नाही, शेतही राहिलं नाही. त्यांच्या हातातून गेलेली वस्तू म्हणजे हे ११ तुकडे, आणि त्यांवरची झीज म्हणजे त्यांच्या आणि त्यांच्याआधीच्या हातांची झीज. ती मला बघायची आहे. तिच्यावर माझ्या टूथब्रशच्या रेषा नकोत. कड्या डाग देऊन गळ्यात घातलेल्या रुपयांच्या माळेबद्दल माझी तक्रार नाही, तो दागिना आहे, त्याचं आयुष्य वेगळं.

शेवटी आमचा तह झाला. माझा बिघडलेला १८६२ पूजेला. तो आजीने वाट्टेल तेवढा घासावा, त्याचं आणखी काय व्हायचंय! बाकीचे १० नुसत्या पाण्यातून काढून, न चोळता टिपून, कागदाच्या वेगवेगळ्या पाकिटांत ठेवले. पाकिटावर साल आणि वजन लिहिलं. रबरबँड फेकला. पूजेच्या वेळी ती काळी पाकिटंही आजीने चौरंगावर ठेवली आणि प्रत्येकावर हळद-कुंकू वाहिलं. कागदावरच पडलं, म्हणून गप्प बसलो.