संतापामागचा हिशेब

सप्टेंबर २०१६ मध्ये तत्कालीन आदिवासी विकासमंत्री विष्णू सावरा मोखाडा तालुक्यातील खोच येथे कुपोषणाने मूल गमावलेल्या कुटुंबाच्या भेटीस गेले, तेव्हा त्यांना ग्रामस्थांच्या संतापास तोंड द्यावे लागले. मूल दगावून सुमारे दोन आठवडे उलटले होते. मंत्री स्वतः आदिवासी, जिल्ह्याचे पालकमंत्रीही तेच. तरीही लोक का उसळले?

‘आदिवासी भोळा, पण माथ्याचा भडक’ हे कचेऱ्यांतील ठरलेले उत्तर जितके सोयीचे तितकेच खोटे आहे. समोरचा प्रसंग केवळ खपली काढतो. जखम आधीची असते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत बालके भुकेने आणि आजाराने मेली, तेव्हाही मोटारींची रीघ लागली होती, योजना जाहीर झाल्या होत्या. चोवीस वर्षांनी तशीच मोटार पाड्यावर येते, तेव्हा लोकांना आठवतो तो मोटारींचा हा सारा इतिहास.

संताप निदान वर्तमानपत्रात छापून येतो. भीतीच्या वाट्याला तेही भाग्य नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबावे, अशा वेठबिगारास ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ म्हणत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली; पण दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर उतरणाऱ्या कुटुंबांना अंगठ्याची किंमत नव्याने कळत राहिली. ज्याच्या घराण्यात अंगठा उठवला की माणूस गहाण पडे, तो सरकारी कागद पुढे येताच मागे सरतो, यात नवल ते काय? शहरातील सुशिक्षित घाबरला तर त्याला मानसशास्त्राचा आधार मिळतो. वारली वा ठाकर घाबरला तर तो अडाणीपणा ठरतो!

गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पक्षाशी समाजवाद्यांचे मतभेद जगजाहीर आहेत. परंतु मे १९४५ मध्ये झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली, ती कोणी धैर्यावर प्रवचन दिले म्हणून नव्हे. एकट्याला जमीनदारापुढे कापरे भरे. हजारोंनी एकत्र बसून नकार ठरवल्यावर त्या कापऱ्याचे कारणच उरले नाही.

आजारी मुलाला रुग्णालयात ठेवण्यास आई कचरते, तेव्हा तिची समजूत घालण्यास कार्यकर्ती धाडली जाते. पण त्या आईचा रोज बुडतो, घरी धाकटी पोरे उपाशी राहतात, ही तिची भीती समजुतीने जाणारी नाही. रुग्णालयात मुलापाशी राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची योजना सरकारनेच आखली होती. ती रक्कम मूल घरी परतण्याआधी, रोख, त्या आईच्या हाती पडली पाहिजे.